थिन क्रस्ट की जाड? एका ब्रेडसाठी गांधीजींनी घरात जातं आणलं होतं

धरमपेठ असो, सदर असो की वर्धा रोड. नागपुरात चार मित्र पिझ्झा मागवायला बसले की पहिलं भांडण टॉपिंगवरून होत नाही, क्रस्टवरून होतं.

एकाला चीज बर्स्टच पाहिजे. दुसऱ्याला पापडासारखा कुरकुरीत थिन क्रस्ट. तिसऱ्याला पॅनमधला जाडजूड, मऊ. आणि चौथ्याने नुकतीच जिम लावलेली असते, म्हणून त्याला गव्हाचा क्रस्ट हवा असतो. तो मागवला की बाकीचे तिघं त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याने सावजीत जाऊन वरणभात मागितलाय.

पण खालचा पाव कसा असावा, या एका गोष्टीवर आयुष्यभर ठाम मत असलेला एक माणूस याच वर्धा रोडने पुढे गेलं की पाऊणशे किलोमीटरच्या आसपास राहायचा. त्यांचा विषय पिझ्झा नव्हता, ब्रेड होता. मैदा नको. यीस्ट नको. पीठ चाळायचं नाही. आणि गहू दळायचा तो घरी, स्वतःच्या हाताने.

त्यांचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींचा चरखा सगळ्यांना माहीत असतो, मिठाचा सत्याग्रह शाळेत शिकवतात. पण चरख्याच्या कितीतरी आधी त्यांच्या घरात एक दुसरं चाक फिरत होतं. ते होतं गहू दळायचं चाक. आणि ते तिथवर कसं पोचलं, हे समजून घ्यायचं असेल तर आधी लंडनला जावं लागेल.

दोन स्लाइस आणि रिकामं पोट

साल १८८८. पोरबंदरला जन्मलेला, राजकोटला वाढलेला मोहनदास तेव्हा एकोणीस वर्षांचा होत होता. बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला होता. आईने जायची परवानगी दिली ती तीन शपथा घेऊनच. दारू नाही, परस्त्री नाही, मांस नाही.

मुंबईत त्यांच्या मोढ बनिया जातीच्या पुढाऱ्यांना ही शपथही पुरेशी वाटली नाही. समुद्र ओलांडणार म्हणून त्यांनी त्याला जातीबाहेर काढलं.

त्या काळी परक्याच्या हातचं खाणं ही किती मोठी गोष्ट होती, हे समजायला आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. १८४९ च्या सुमाराला मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त संस्था सुरू झाली. जात मोडायची तर सुरुवात कुठून करायची? तर तिथे येणाऱ्या सभासदाला ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागायचा. आज आपण वडापाव खाताना विचारही करत नाही, पण तेव्हा त्या पावाच्या एका तुकड्याने माणूस जातीतून बाहेर पडू शकत होता.

मोहनदास लंडनला पोचला आणि त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो पोटाचा. घरमालकीणबाई सकाळी ओटची लापशी द्यायच्या, तेवढ्याने पोट भरायचं. पण दुपारी आणि रात्री समोर यायचं पालक, ब्रेड आणि जॅम. भाज्या नुसत्या उकडलेल्या, मीठ-मसाल्याशिवाय. त्यामुळे ब्रेडवरच भागवावं लागायचं.

आणि इथे आडवा आला तो त्याचा लाजाळू स्वभाव. दोन-तीन स्लाइसच्या वर मागायची त्याला लाज वाटायची. घरमालकिणीच्या दोन मुलींच्या ते लक्षात आलं. त्या एखाद-दुसरी स्लाइस जास्त वाढायच्या. पण त्याची भूक अख्ख्या पावाची होती, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

मग तो दिवसाला दहा-बारा मैल लंडन पालथं घालायचा. एखाद्या स्वस्त खाणावळीत शिरून पोटभर ब्रेड खायचा, तरी समाधान व्हायचं नाही. असं करता करता एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं. इंग्लंडमध्ये आल्यापासूनचं पहिलं पोटभर जेवण त्याने तिथे केलं. दारातच हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकायला होतं, तेही विकत घेतलं.

तोपर्यंत तो आईला दिलेल्या शब्दासाठी शाकाहारी होता. ते पुस्तक वाचल्यावर स्वतःच्या मर्जीने शाकाहारी झाला.

पुढे खर्च कमी करायचा म्हणून त्याने एक खोली घेतली आणि शेगडीवर स्वतः रांधायला लागला. सकाळी ओटची लापशी आणि कोको. रात्री ब्रेड आणि कोको. दिवसाचा खर्च १ शिलिंग ३ पेन्स. जेवणाचे प्रयोग करायची सवय त्याला लागली ती इथे, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

मैद्याशी वैर घेतलेला डॉक्टर

लंडनच्या शाकाहारी मंडळींमध्ये एक डॉक्टर होते, टी. आर. अ‍ॅलिन्सन. त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती. पांढरा ब्रेड सोडा आणि अख्ख्या गव्हाचा खा.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर थोडं गव्हाच्या दाण्यात डोकावू.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचं आवरण म्हणजे कोंडा. एका टोकाला छोटासा अंकुर. आणि मधला मोठा पिठूळ भाग. कोंड्यात तंतू आणि खनिजं असतात, अंकुरात तेल आणि जीवनसत्त्वं. मधल्या भागात मुख्यतः स्टार्च आणि थोडं प्रथिन. हा मधला भाग वेगळा काढून बारीक दळला की तयार होतो मैदा.

जात्यावर हे तीन भाग वेगळे करणं कठीण. पण १९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रोलर असलेल्या गिरण्या आल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर सफाईने बाजूला काढले. अंकुरातलं तेल गेलं म्हणून पीठ लवकर खवट होईना. ते महिनोन्महिने टिकायला लागलं, लांब पाठवता यायला लागलं. जो पांढराशुभ्र ब्रेड आधी श्रीमंतांच्या टेबलावर दिसायचा, तो आता कामगाराच्या घरी पोचला.

पिझ्झावाल्याला मैदा का आवडतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची रबरासारखी जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. यीस्ट पिठातली साखर खातं आणि वायू सोडतं. तो वायू त्या जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. कोंड्याचे धारदार कण ही जाळी मध्येमध्ये कापतात. म्हणून गव्हाचा क्रस्ट मैद्याइतका फुगत नाही. तो दाट, चिवट आणि चवीला थोडा मातकट लागतो.

म्हणजे फुगणं आणि पौष्टिकता यांच्यात ही ओढाताण आहे. अ‍ॅलिन्सन उघडपणे पौष्टिकतेच्या बाजूने उभे होते. त्यांची बाकीची मतंही वैद्यकीय मंडळींना पचणारी नव्हती. १८९२ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं.

शाकाहारी मंडळातही त्यांना काढायची वेळ आली होती. संततिनियमनावरची त्यांची मतं अध्यक्षांना मान्य नव्हती. गांधीजींनाही ती पटत नव्हती. पण त्यासाठी माणसाला संस्थेतून काढणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ते कागदावर लिहून आणलं, पण सभेत उभं राहून वाचायचा धीर झाला नाही. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ते वाचून दाखवलं. ठराव व्हायचा तो झालाच. पण नावडत्या मताच्या माणसाची बाजू घ्यायची त्यांची ही सुरुवात होती, आणि ती झाली होती एका ब्रेडवाल्या डॉक्टरसाठी.

७ पौंडांचं जातं

१८९३ मध्ये गांधीजी वकिलीच्या कामाने दक्षिण आफ्रिकेत गेले आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथेच अडकले. जोहान्सबर्गमध्ये वकिली जोरात होती, पण पोटाची तक्रार कायम. बद्धकोष्ठतेने ते हैराण असायचे. औषधं घेऊन कंटाळले होते. त्यात जर्मनीचे निसर्गोपचारवाले लुई कुने यांचं पुस्तक हाती लागलं. पाण्याचे उपचार, साधा आहार आणि यीस्टशिवाय अख्ख्या गव्हाचा ब्रेड, असा सगळा तो मामला.

१९०४ मध्ये त्यांचे मित्र हेन्री पोलाक यांनी त्यांना जॉन रस्किन यांचं एक पुस्तक प्रवासात वाचायला दिलं. जोहान्सबर्ग ते दरबान या रेल्वेप्रवासात गांधीजींनी ते वाचून काढलं आणि त्यांची झोप उडाली. हाताने काम करणाऱ्याचं आयुष्यच खरं जगण्यासारखं आहे, हे त्यातून त्यांनी घेतलं. त्यातून दरबानजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली.

आणि जोहान्सबर्गच्या घरात काय बदललं? तर बेकरीचा ब्रेड बंद झाला.

कुने यांच्या पद्धतीने घरीच ब्रेड भाजायचा ठरला. पण गिरणीचं पीठ चालणार नव्हतं. मग ७ पौंड मोजून हाताने फिरवायचं जातं आणलं. त्याचं चाक लोखंडी होतं. एकट्याला ते जड जायचं, दोघांना सहज फिरवता यायचं.

ते फिरवायचं कोण? गांधीजी, पोलाक आणि घरातली मुलं. एक नावाजलेला बॅरिस्टर आणि त्याचा इंग्रज मित्र सकाळी सकाळी गहू दळतायत, असं ते दृश्य. पुढे पोलाक यांची पत्नी मिलीही त्यात सामील झाली. कस्तुरबा अधूनमधून हात लावायच्या, पण ती वेळ त्यांची स्वयंपाकाला लागायची असायची.

हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

इथे एक गोष्ट बदलली होती. लंडनमध्ये ब्रेडचा प्रश्न होता किती मिळणार, हा. अ‍ॅलिन्सन यांच्यामुळे तो झाला कशाचा, हा. आणि आता तो झाला होता कुणाच्या हातचा, हा.

तुरुंगातल्या ताटाचा रंग

१९०८ मध्ये ट्रान्सवालच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह करून गांधीजी पहिल्यांदा तुरुंगात गेले. तिथे कळलं की वंशभेद ताटातही असतो. युरोपियन कैद्यांच्या आहारात ब्रेड होता. हिंदी कैद्यांपुढे यायची मक्याच्या पिठाची पेज. कितीतरी हिंदी लोकांनी तो प्रकार कधी खाल्लेलाच नव्हता. जेवणाबद्दल अर्ज झाले, तक्रारी झाल्या. क्रस्ट कोणता हा वाद घालायला आधी हातात ब्रेड असावा लागतो, हे तुरुंगाने दाखवून दिलं.

१९१० मध्ये त्यांचे वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरची १,१०० एकर जमीन वापरायला दिली. तिचं नाव ठेवलं टॉलस्टॉय फार्म. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन, गुजराती, तमिळ असे सगळे तिथे एका स्वयंपाकघरात जेवायचे.

सकाळी सहाला ब्रेड आणि गहू भाजून केलेली कॉफी. अकराला वरण, भात, भाजी. संध्याकाळी साडेपाचला गव्हाची लापशी आणि दूध, नाहीतर पुन्हा ब्रेड आणि तीच गव्हाची कॉफी. ब्रेड तिथेच भाजलेला, पीठ तिथेच दळलेलं. जोहान्सबर्गच्या घरातला प्रयोग आता अख्ख्या वसाहतीचा झाला होता.

कस्तुरबांनी टाकलेला पेच

पण एका माणसाची आवड जेव्हा घराचा नियम होते, तेव्हा घरातल्या बाकीच्यांचं काय होतं?

दक्षिण आफ्रिकेतच कस्तुरबा आजारी पडल्या. रक्तस्राव थांबेना. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. पुस्तकांतले दाखले दिले, मनधरणी केली. शेवटी कस्तुरबा वैतागल्या आणि त्यांनी नवऱ्याला सुनावलं, की हे तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही.

गांधीजींनी तिथल्या तिथे एक वर्षासाठी मीठ आणि डाळ सोडून दिली.

कस्तुरबा हादरल्या. त्यांनी माफी मागितली, पथ्य पाळते म्हणाल्या, तुमचा निश्चय मागे घ्या म्हणून विनवलं. पण शब्द गेला होता. त्या रडल्या आणि गप्प झाल्या.

गांधीजींनी ही हकिकत पुढे स्वतःच लिहिली, आणि आयुष्यातली एक गोड आठवण म्हणून लिहिली. आज ती वाचताना कस्तुरबांच्या बाजूनेही बघावंसं वाटतं. त्यांना नवऱ्याशी पैज लावायची नव्हती. त्यांना फक्त नाही म्हणायचं होतं.

आणि हाच माणूस १९३० मध्ये गरिबाच्या मिठासाठी दांडीपर्यंत चालत गेला. स्वतः मीठ सोडायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण दुसऱ्याच्या मिठावर सरकारने कर बसवायचा नाही, हा त्यातला फरक.

पाच पदार्थांचा नियम

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि दोनच दिवसांनी गांधीजी लंडनला पोचले. तिथे त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. औषधोपचार झाले, पण फरक पडेना. तेव्हा बोलावलं कुणाला? तर त्याच डॉक्टर अ‍ॅलिन्सन यांना.

पंचवीसेक वर्षांनीही त्यांचा सल्ला बदलला नव्हता. साधा ब्राऊन ब्रेड खा, बीट, मुळा, कांदा असल्या कच्च्या भाज्या खा, फळं खा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी भारतात परतले. कलकत्त्याला त्यांच्यासाठी यजमानांनी इतक्या तऱ्हेची फळं आणि सुका मेवा मांडला, की घरातल्या बायकांना रात्र जागावी लागली. आपल्या साधेपणाचाच लोकांना त्रास होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं. भारतात असताना २४ तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही.

हे पिझ्झाला लावून बघा. गहू एक, टोमॅटो दोन, चीज तीन, सिमला मिरची चार, कांदा पाच. झालं. मक्याचे दाणे नाहीत, ऑलिव्ह नाही. आणि गाय-म्हशीचं दूध त्यांनी १९१२ मध्येच सोडलं होतं, म्हणजे चीजवरही फुली.

इतकं असूनही त्यांना चवीचा मोह व्हायचाच. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचं पोट बिघडलं होतं. उपास करायचा ठरला होता. पण सणाचा दिवस होता. कस्तुरबांनी तेलात परतलेली गव्हाची गोड लापशी केली होती, सोबत वाटीभर मूग. गांधीजींनी ती खाल्ली आणि तासाभरात हगवणीने गाठलं. ते मरणाच्या दारात जाऊन आले. त्यातून उठायला अखेर शेळीचं दूध घ्यावं लागलं, तेही कस्तुरबांनी गळ घातल्यावर. व्रतातून काढलेली ही पळवाट त्यांना स्वतःला कायम खुपत राहिली.

जगाचा शोध, विदर्भाच्या कोपऱ्यात

दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं होतं. १९३३ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले. तिथूनच ७ नोव्हेंबर १९३३ ला त्यांचा हरिजन दौरा सुरू झाला.

१४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली, तिचं नाव झालं मगनवाडी. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे सचिव होते. संघाच्या कामात पहिल्या ओळीत काय होतं? हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ आणि जात्यावरचं न चाळलेलं पीठ.

जोहान्सबर्गच्या स्वयंपाकघरातली आवड आता देशाचा कार्यक्रम झाली होती. मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचेही प्रयोग केले. आज अख्खा विदर्भ सोयाबीनने व्यापलाय, पण तेव्हा ती नवलाई होती.

पण गंमत बघा. जे जातं गांधीजींनी जोहान्सबर्गमध्ये ७ पौंड मोजून घेतलं, ते विदर्भातल्या घराघरात कोपऱ्यात पडलेलं होतं. यीस्ट नसलेला, न चाळलेल्या पिठाचा, घरी दळून घरीच भाजलेला ब्रेड लंडन आणि लाइपझिगची मंडळी शोधत होती. इथे त्याला ज्वारीची भाकरी म्हणत होते.

क्रस्टच्या बाबतीत तर विदर्भाला कुणी शिकवायलाच नको. सैलसर मळलेली कणीक हातावर लांबवत नेऊन उलट्या मडक्यावर टाकलेली नागपूरची लांब पोळी, हा आपला थिन क्रस्ट. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि पानगे, हा आपला जाड क्रस्ट. पण गहू हा सणावाराचा. रोजची ती भाकरीच.

मग अडचण कुठे होती?

अडचण होती ते जातं ओढणाऱ्या बाईची. जोहान्सबर्गला दोन पुरुष आणि मुलं मिळून चाक फिरवायची, तेही व्यायाम म्हणून. वर्ध्याच्या खेड्यात पहाटेच्या अंधारात एकटी बाई उठायची. घरच्या माणसांना पुरेल एवढं दळायची, मग पाणी, मग चूल, मग शेत. जात्यावरच्या ओव्या आपल्याला गोड लागतात, पण त्या कष्ट विसरायला गायलेल्या होत्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्या बाईने कोंड्यातली जीवनसत्त्वं मोजली नाहीत. तिला पहाटेची झोप मिळाली.

गांधीजींना हे दिसत नव्हतं असं नाही. जातं आणि घाणी कमी कष्टात कशी चालतील, यावर मगनवाडीत काम झालं. त्यांचा हिशोब असा होता, की गिरणीमुळे पीठ निकस होतं आणि दळून चार पैसे कमावणाऱ्या गरीब बायकांचं कामही जातं. दोन्ही मुद्दे खरे होते. पण ज्या घरात दळणाचे पैसे मिळत नव्हते, नुसतं दळणच होतं, तिथल्या बाईसाठी गिरणीचा भोंगा ही सुटकाच होती. जोहान्सबर्गला कस्तुरबा जात्यापाशी फारशा का यायच्या नाहीत, ते आठवा. त्यांच्या वाट्याचं काम दुसऱ्या खोलीत आधीच वाट बघत असायचं.

ग्रामोद्योगाची ही बाजू शेवटपर्यंत अवघडच राहिली. गिरण्या वाढत गेल्या, जाती घरामागच्या अंगणात गेली.

शेवटचा क्रस्ट

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. पुढे त्याचंच नाव सेवाग्राम झालं. तिथलं जेवण उकडलेलं, बिनमसाल्याचं. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर तिथे आठवडाभर राहून गेले. त्यांच्या लिखाणात राजकारणाइतकीच त्या त्याच त्या जेवणाचीही आठवण आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलनात त्यांना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. आठवडाही झाला नव्हता, तर महादेवभाई देसाई गेले. अशा दिवसांत त्यांनी हातात घेतलं ते आरोग्यावरचं छोटं पुस्तक, ‘आरोग्याची किल्ली’.

त्यात त्यांनी गव्हाला धान्यांचा राजा म्हटलंय. धान्य स्वच्छ करा, जात्यावर दळा, पीठ चाळू नका, कोंडा फेकू नका, असं सांगितलंय. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला ६ औंस, म्हणजे साधारण १७० ग्रॅम धान्य पुरे, असं मापही दिलंय. पिष्टमय पदार्थ रस्सा-डाळीत भिजवून न खाता कोरडे खावेत, म्हणजे ते चावून खाल्ले जातात आणि तोंडातली लाळ त्यांत नीट मिसळते, हेही त्यात आहे.

थोडक्यात काय, तर गांधीजींचं मत कुरकुरीत क्रस्टच्या बाजूने होतं.

त्याच आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही गेल्या. ६० वर्षांहून जास्त काळाच्या संसारात त्यांनी या माणसाच्या जेवणाचे प्रयोग सांभाळले होते, काही पटून, काही नाइलाजाने.

नोआखालीत दंगली उसळल्यावर १९४६-४७ मध्ये गांधीजी तिथे गावोगाव पायी फिरले. सोबत नातीच्या नात्याची मनू होती. तिच्या रोजनिशीत बाकी सगळ्या उलथापालथीबरोबर त्यांच्या जेवणाचाही हिशोब सापडतो. त्यात उकडलेली भाजी आहे, शेळीचं दूध आहे आणि गव्हाचा खाखरा आहे. लाटून पातळ केलेला, यीस्ट नसलेला, कोरडा भाजून कडक केलेला. जगातला सगळ्यात थिन क्रस्ट म्हटलं तरी चालेल.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांची हत्या झाली.

आज वर्ध्यात मगन संग्रहालय उभं आहे, सेवाग्रामला बापू कुटीही आहे. पण त्यांच्या कोंड्याचं नशीब मात्र विचित्र निघालं. १५० वर्षांपूर्वी पांढरा ब्रेड म्हणजे प्रतिष्ठा होती आणि कोंड्याचा ब्रेड गरिबाचा होता. आज मैदा सगळ्यात स्वस्त आहे आणि अख्ख्या गव्हासाठी, ज्वारी-बाजरीसाठी शहरात जास्त पैसे मोजावे लागतात. ज्वारीची भाकरी सोडून गव्हाकडे आणि गव्हाकडून मैद्याकडे गेलेलं नागपूर आता जिमवाल्या मित्राच्या नादाने पुन्हा कोंड्याकडे वळतंय.

तेव्हा पुढच्या वेळी चौथा मित्र गव्हाचा क्रस्ट मागवायला निघाला की त्याला हसू नका. फक्त हे दळलं कुणी, भाजलं कुणी आणि त्याला त्याचे किती मिळाले, एवढं त्याला विचारून बघा. गांधीजींनी आधी तोच प्रश्न विचारला असता. आणि घरी गेल्यावर आईला विचारा, तिची आई जात्यावर दळायची का, आणि ते जातं सुटलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं की बरं. त्या उत्तराशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.